गाय चोरली तर हात, आणि खजिना चोरला तर?

आमच्या गावच्या ग्रुपवर परत तेच, "शरियत लावा, दोन-चार हात तोडा, बघा भ्रष्टाचार कसा थांबतो". मी स्वतः कोकणी मुसलमान आहे, श्रद्धेने बोलतोय, म्हणूनच जरा लांबलचक लिहितोय.

नायजेरियाच्या उत्तरेला झामफारा नावाचं राज्य आहे. तिथले गव्हर्नर अहमद सानी येरिमा यांनी ऑक्टोबर 1999 मध्ये शरियतची घोषणा केली तेव्हा लोकांनी प्रचंड गर्दी केली होती, कारण लष्करी राजवट नुकतीच संपलेली, लष्करशहा सानी अबाचाने देशाचे अब्जावधी डॉलर बाहेरच्या बँकांत नेलेले, आणि गरिबाला वाटलं आता तरी वरच्यांना चाप बसेल. त्यांचं काय चुकलं? काहीच नाही. पण मार्च 2000 मध्ये पहिला हात तोडला तो गाय चोरणाऱ्याचा! गव्हर्नरला तर पदावर असेपर्यंत घटनेच्या कलम 308 चं कवच, त्याच्यावर खटलाच चालत नाही.

आणि फिकहमध्येच, म्हणजे इस्लामी कायदेशास्त्रातच बघा ना. हात तोडायची शिक्षा आहे सरिकाला, म्हणजे कुलूपबंद माल गुपचूप उचलणाऱ्याला. ज्याच्या हातात विश्वासाने किल्ली दिली त्यानेच खाल्लं तर ती खियानत, तिथे हात तोडत नाहीत, काजी ठरवेल ती शिक्षा, म्हणजे ताजीर. म्हणजे सरकारी बाबूला ही शिक्षा बहुतेक वेळा लागूच होत नाही, ग्रुपवरच्या किती जणांना माहितीये हे?

पण इस्लाममध्ये भ्रष्टाचारावर काही नाही असं कुठंय? लहानपणी जुम्म्याच्या बयानात ऐकलेलं अजून आठवतं. जकात, म्हणजे गरिबांसाठीचं सक्तीचं दान, गोळा करायला पाठवलेला माणूस परत येऊन म्हणाला, हे तुमचं आणि हे मला भेट मिळालं. पैगंबर साहेब मिंबरवर, म्हणजे मशिदीतल्या व्यासपीठावर उभे राहून सगळ्यांसमोर बोलले, हा आईबापाच्या घरी बसून राहिला असता तर आली असती का ही भेट? दुसरे खलिफा हजरत उमर तर नेमणूक करतानाच सुभेदाराची मालमत्ता लिहून घ्यायचे, नंतर जास्तीची निघाली तर अर्धी बैतुलमालमध्ये, म्हणजे सरकारी खजिन्यात जमा. हिशोब आधी, आणि तोही वरून खाली!

तलवार सगळ्यांना आठवते, ती मालमत्तेची यादी कोणालाच नाही. झामफाराच्या गर्दीला तीच हवी होती हो.