छंदातली कविता नुसती हळहळत नाही

‘सत्तेला जाब विचारायला मुक्तछंदच लागतो, गेय कविता फक्त दुःख कुरवाळते’ हे मराठी कवितेवरच्या एका लेखातलं वाक्य काही पटलं नाही. नामदेव ढसाळांच्या ‘गोलपिठा’ या १९७२ च्या मुक्तछंदातल्या कवितासंग्रहाबद्दल त्यात लिहिलंय ते झकासच. पण त्याच दशकाच्या शेवटी, १९७९ च्या ‘सिंहासन’ सिनेमामध्ये ‘उषःकाल होता होता काळरात्र झाली’ वाजलं, ते आमच्या अमरावतीच्या सुरेश भटांचं, पक्क्या वृत्तातलं. ते काय कुरवाळणं झालं? आणि आंबेडकरी लोककवी वामनदादा कर्डकांची गाणी तर १४ एप्रिलला आमच्या गावात आजही ज्यांना वाचता येत नाही तेच सगळ्यात मोठ्यानं म्हणतात. मुक्तछंद असा तोंडपाठ राहतो का?

दुसरं असं, की खेड्यातल्या सत्तेला दरवेळी चेहरा नसतो. दोन वर्षांमागं कापूस विकायला खरेदी केंद्रावर रात्रभर रांगेत होतो. सकाळी ओलावा १२ टक्क्यांच्या वर म्हणून गाडी परत. शिवी द्यायची कोणाला, ओलावा मोजणाऱ्या मशीनला? बाबा काही बोलले नाहीत. शेताच्या धुऱ्यापर्यंत तीच ‘काळरात्र’ गुणगुणत आले, तेही बेसूर. त्यांना ढसाळ वाचून दाखवले तर आवडतील, नाही असं नाही. पण त्या दिवशी ओठांवर आली ती चालीतलीच ओळ.