त्या "ट्रेनिंग करा, १० लाख मिळवा" मेसेजबद्दल

तासगाव, मिरज साइडच्या ग्रुपवर परत तोच मेसेज फिरतोय, चार दिवसाचं ट्रेनिंग करा, सर्टिफिकेट दाखवा की १० लाख फुकट खात्यावर, फॉर्म फी १५०० भरा म्हणून. अर्धं खोटंय हे. योजना खरी आहे, पीएमएफएमई, म्हणजे छोट्या अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीची केंद्राची योजना, २०२० पासून चालू, पण ती बँकेच्या कर्जाला जोडलेली सबसिडी आहे, प्रोजेक्ट कॉस्टच्या ३५ टक्के, आणि १० लाख ही सबसिडीची कमाल मर्यादा, म्हणजे बेदाणा ग्रेडिंग नायतर हळद पावडरचं १० लाखाचं युनिट टाकलं तर सबसिडी साडेतीन लाख, स्वतःचे किमान १० टक्के घालायचे, बाकी कर्ज. आणि ती सबसिडी हातात येत नाही बरं का, बँकेत वेगळी ठेवतात, तीन वर्षं युनिट चालू आणि हप्ते नीट असले की मग कर्जात वळती होते. ट्रेनिंग आहेच, पण नुसत्या सर्टिफिकेटवर पैसे नाहीत. अर्जाला फी नाही, जिल्ह्याचे डीआरपी, म्हणजे योजनेसाठी नेमलेली मदतनीस माणसं, फॉर्म आणि प्रोजेक्ट रिपोर्टला मदत करतात, त्यांचं मानधन सरकार देतं. बचत गटातल्या अन्नप्रक्रियेचं काम करणाऱ्या ताईंना प्रत्येकी ४० हजारापर्यंत बीजभांडवल मिळतं, ते यात कुणी लिहीतच नाही! १५०० भरले असतील तर स्क्रीनशॉट जपून ठेवा आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा.