वरच्या मजल्यावरचा खलबत्ता

आमच्या वरच्या फ्लॅटमधले गृहस्थ रात्री साडेदहाला खलबत्त्यात काहीतरी कुटतात, याबद्दल तीन महिने माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती. लिफ्टमध्ये हसत नाहीत, म्हणजे शिष्ट. एकदा हसले, तेव्हा तर खात्रीच पटली. आदल्या रात्रीच्या कुटण्याचं समाधान होतं ते! दिवाळीत त्यांच्याकडून फराळ आला. "भाजणीसुद्धा रात्रीच कुटली असणार," असं म्हणत मी सातवी चकली उचलली.

"भाजणी दळतात," बायको म्हणाली.

आमच्या कुंड्यांचं पाणी खालच्या काकूंच्या पापडांवर पडतं हे खरं. पण तो बाल्कनीच्या उताराचा दोष. माझा स्वभाव मुळात चांगला.

मानसशास्त्र शिकणारी पुतणी आली होती. म्हणाली, "काका, 2, 4, 6 हे आकडे एका नियमात बसतात. तू तसेच तीन-तीन आकडे सांग, मी हो-नाही सांगते. मग नियम ओळख."

मी 8, 10, 12 म्हणालो. हो. 20, 22, 24. हो. "सोप्पंय, दोन-दोननं वाढणारे."

"चूक. नुसते चढते आकडे. 1, 2, 50 पण चाललं असतं. 'नाही' येईल असं तू एकदाही विचारलं नाहीस. 1960 साली पीटर वेसननं लंडनमध्ये हाच प्रयोग केला, तिथेही बरेचजण असेच फसले."

लंडनवाले फसतील. इथे प्रश्न खलबत्त्याचा होता.

मग वरचे गृहस्थ घराला कुलूप लावून आठ दिवस कोल्हापूरला गेले. रात्री साडेदहा. धप्, धप्. "कुटायला माणूस ठेवून गेलेत!" मी म्हणालो. बायकोनं उत्तर न देता प्लंबरला फोन लावला.

त्यानं भिंतीला कान लावला. "वॉटर हॅमर आहे, साहेब. टाकी भरली की पंप बंद होतो, वर चढणारं पाणी उलटं फिरून व्हॉल्व्हवर आदळतं. पाइपाचे क्लॅम्पही सुटलेत. हे सगळं मागेच बदलायचं होतं, पण सभेत कुणीतरी खर्च हाणून पाडला म्हणे."

कुणीतरी म्हणजे मी. ठराव मात्र वरच्यांनी मांडला होता. आता मला सांगा, तेव्हाच नीट समजावून सांगायला काय झालं होतं त्यांना? शिष्टच आहे तो माणूस.