‘जुना ऑप-अँप काढा, कुठलाही नवा बसवा’ : या सल्ल्याचा प्रतिवाद

एक सल्ला सर्रास फिरतो: साउंड कार्ड, मिक्सर किंवा इफेक्ट पेडल उघडा, जुना ४५५८ किंवा टीएल०७२ हा ऑप-अँप (सिग्नल वाढवणारी चिप, म्हणजे आयसी) काढा, सॉकेट लावा आणि आठ पायांचा कुठलाही भारी ऑप-अँप बसवा, पाच मिनिटांत आवाज सुधारतो. आयसी बदलूच नये असं अजिबात नाही. पण दाटीवाटीच्या बोर्डावर हा सल्ला जसाच्या तसा पाळला तर चांगलं उपकरण बिघडतं.

‘आठ पाय म्हणजे सारखेच.’
नाही. ड्युअलमध्ये (एका आयसीत दोन अँप) धन पुरवठा ८ नंबरच्या पायावर असतो आणि ७ हे आउटपुट. ओपीए६२७ किंवा एनई५५३४ हे सिंगल. त्यांचा धन पुरवठा ७ वर. एसएमडीत (बोर्डाच्या पृष्ठभागावरच सोल्डर होणाऱ्या आयसीत) पायांमधलं अंतर तेच १.२७ मिमी असलं तरी आयसीची रुंदी ३.९ किंवा ५.३ मिमी असू शकते, आणि रुंद पॅडवर अरुंद आयसी नीट टेकत नाही. आधी कॅलिपरने मापा, मग विकत घ्या.

‘सॉकेट लावा, मग हवा तो बदलत बसा.’
सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. सॉकेट आणि वर अ‍ॅडॅप्टर लावला की प्रत्येक पायाची वाट काही मिलिमीटरने लांबते, आणि दर मिलिमीटरला अंदाजे १ नॅनोहेन्री इंडक्टन्स वाढतो. ४५५८ ची गेन-बँडविड्थ (म्हणजे वेगाची मर्यादा) ३ मेगाहर्ट्झ, त्याला फरक पडत नाही. एलएम४५६२ ची ५५ मेगाहर्ट्झ. डिकपलिंग कॅपॅसिटर (आयसीचा पुरवठा स्थिर ठेवणारा) दोन-तीन सेंटिमीटर दूर असेल तर असा वेगवान आयसी मेगाहर्ट्झमध्ये ऑसिलेट होऊ शकतो, म्हणजे इनपुट नसतानाही स्वतःच सिग्नल काढत राहतो. ते कानाला थेट ऐकू येत नाही. आयसी तापतो, आउटपुटवर डीसी सरकतो, वरचे सूर चिरके होतात. हाच चिरकेपणा ‘बारकावे उलगडले’ म्हणून सांगितला जातो.

उपाय असा: जागा नसेल तर सॉकेट टाळून आयसी थेट सोल्डर करा. बोर्डाच्या मागच्या बाजूने ४ आणि ८ या पायांमध्येच १०० नॅनोफॅरडचा सिरॅमिक कॅपॅसिटर लावा. मग ऑसिलोस्कोपचा १०:१ प्रोब आउटपुटला लावून, प्रत्यक्ष वापरातली केबल जोडूनच बघा, कारण केबलची कपॅसिटन्स हेही कारण असतं. तरीही ऑसिलेशन दिसलं, तर फीडबॅकच्या (आउटपुटवरून इनपुटकडे परत येणाऱ्या वाटेच्या) बाहेर आउटपुटला ४७ ते १०० ओहम सिरीजमध्ये घाला.

‘महागडा आयसी म्हणजे कमी नॉइज.’
एनई५५३२ चा व्होल्टेज नॉइज ५ नॅनोव्होल्ट, टीएल०७२ चा १८ (दर वर्गमूळ हर्ट्झला). पण एनई५५३२ चा करंट नॉइजही असतो, ०.७ पिकोअँपिअर. गिटार पिकअपचा इंपिडन्स वरच्या सुरांत १०० किलोओहमपलीकडे जातो. तिथे त्याचे ७० नॅनोव्होल्ट होतात. म्हणजे पेडलच्या पहिल्या टप्प्यात ‘जुनाट’ टीएल०७२ शांत असतो. शिवाय एनई५५३२ चा बायस करंट (इनपुटच्या पायातून सतत वाहणारा) साधारण २०० नॅनोअँपिअर: १०० किलोओहममधून २० मिलिव्होल्ट, आणि टप्प्याचा डीसी गेन १० असेल तर आउटपुटवर २००. पॉटचा (आवाजाच्या नॉबचा) मधला पाय कॅपॅसिटरशिवाय इनपुटला जोडलेला असेल तर आवाज फिरवताना खरखर हमखास. अशा जागी ओपीए२१३४ सारखा एफईटी इनपुटचाच (बायस करंट नगण्य असलेला) आयसी घ्या.

पुरवठाही पाहा: टीएल०७२ एका अँपला १.४ मिलिअँपिअर खातो, एलएम४५६२ पाच. बॅटरीच्या पेडलमध्ये ते लगेच जाणवतं.

‘पाच मिनिटांचं काम.’
जुना आयसी अख्खा उपटायला गेलात तर पॅड उचलला जातो. कटरने पाय आयसीच्या शरीरालगत कापा, मग एकेक पाय ताजं सोल्डर लावून ३५० अंशांवर ओढून घ्या. एसएमडीला चिकटून इलेक्ट्रोलायटिक कॅपॅसिटर किंवा प्लॅस्टिकचा जॅक असेल तर हॉट एअर नको. जुना आयसी काढायला बिस्मथचं कमी तापमानाचं सोल्डर वापरा आणि नवा आयसी लावण्याआधी ते पूर्ण पुसून काढा, नाहीतर जोड ठिसूळ होतो.

आयसीवरची १ नंबरच्या पायाची खूण उलट्या दिशेला आली तर ४ आणि ८ अदलाबदल होऊन पुरवठा उलटा मिळतो. म्हणून वीज देण्याआधी खूण पाहा आणि शेजारच्या पायांमध्ये शॉर्टही तपासा. दिल्यावर हेडफोन न जोडता १ आणि ७ वर डीसी मोजा. दुहेरी (धन आणि ऋण) पुरवठ्यात तो शून्याजवळ हवा, एकेरीत पुरवठ्याच्या अर्ध्यावर. पुरवठ्याच्या एखाद्या टोकाला चिकटलेला दिसला तर लगेच बंद करा.