शेवट गोड झाला म्हणे

काल, 25 मे 2025 ला, आपल्या मँचेस्टर युनायटेडची प्रीमियर लीगमधली सीझनची शेवटची मॅच ॲस्टन विलाविरुद्ध संपली आणि लगेच आपल्या फॅन ग्रुपवर मेसेज पडला, "चला, शेवट गोड तर सगळंच गोड." खाली हार्ट, टाळ्या, लाल झेंडे. डोकं सणकलं, म्हणून ही पोस्ट. लांबणार आहे, आधीच सांगतो.

गोड? मॅच पाहिलीत की नुसता स्कोअर? हाफटाइमच्या तोंडावर त्यांचा कीपर मार्टिनेझ होयलुंडला पाडून रेड कार्ड घेऊन बाहेर गेला. म्हणजे अख्खा सेकंड हाफ ते दहा जण. तरी 73व्या मिनिटाला आपला कीपर बायंदिर बॉल ताब्यात घेतोय तोवर विलाच्या रॉजर्सने पाय घालून तो काढला आणि जाळ्यात टाकला. वाचलो कशामुळे? रेफरीने घाईघाईत फाउलची शिट्टी आधीच फुंकली होती. बॉल आत जायच्या आधी शिट्टी वाजली की खेळ तिथेच थांबला, मग व्हीएआरलाही, म्हणजे व्हिडिओ बघून निर्णय तपासणाऱ्या रेफरीलाही, तो गोल परत देता येत नाही. तीन मिनिटांनी अमादचा हेडर, पुढे एरिक्सनची पेनल्टी, झालं 2-0. विलाची पुढच्या वर्षीची चॅम्पियन्स लीग त्यात गेली, तीही गोल डिफरन्सवर, म्हणजे मारलेल्या आणि खाल्लेल्या गोलच्या फरकावर. आपल्याला काय मिळालं, तर 15वा नंबर.

15वा! 38 मॅचमध्ये 11 जिंकल्या, 9 ड्रॉ, 18 हरलो. 42 पॉइंट. प्रीमियर लीग सुरू झाल्यापासून मँचेस्टर युनायटेडचे इतके कमी पॉइंट कधी नव्हते. गोल मारले 44, खाल्ले 54. ओल्ड ट्रॅफर्डवर, आपल्या घरात, लीगमध्ये 9 मॅच हरलो. आणि रेलिगेशनची, म्हणजे शेवटच्या तीनात येऊन खालच्या लीगमध्ये जाण्याची, भीती वाटली नाही म्हणून कोणी पाठ थोपटून घेऊ नका. खालच्या तीन टीम इतक्या कच्च्या होत्या की 18व्या नंबरच्या लेस्टरचे 25 पॉइंट झाले. एरवीच्या वर्षी हा खेळ घेऊन मे महिन्यात झोप लागली नसती.

आता "नशीब" हा शब्द काढणाऱ्यांसाठी. डिसेंबरमधले ते दोन कॉर्नर आठवा. 19 तारखेला लीग कपची क्वार्टरफायनल, टॉटनमचा सोन कॉर्नर घेतो आणि बॉल कोणालाही न लागता थेट जाळ्यात. बायंदिर हात वर करून ओरडतोय की मला अडवलं, पण त्या स्पर्धेत त्या टप्प्यावर व्हीएआरच नव्हतं. 4-3 हरलो. ठीक आहे, एकदा होतं असं. 26 तारखेला वुल्व्हजकडे गेलो. आपला कॅप्टन ब्रुनो दुसरं यलो घेऊन बाहेर, आणि 58व्या मिनिटाला त्यांच्या कुन्याचा कॉर्नर. परत थेट जाळ्यात! या वेळी गोलमध्ये आपला दुसरा कीपर ओनाना. आठवड्याभरात दोन वेगळे कीपर, दोन वेगळ्या टीम, गोल मात्र तोच. याला नशीब म्हणत नाहीत, याला गृहपाठ न करणं म्हणतात.

कारण हा प्रकार अडवायचा कसा, हे कोणत्याही ज्युनिअर टीमच्या कोचला माहीत असतं. आत वळणारा कॉर्नर येणार हे घेणाऱ्याच्या पायावरून दिसतं. समोरची टीम गोल एरियात दोघं-तिघं कीपरला चिकटवून उभी करते. ते बॉलकडे बघतसुद्धा नाहीत, कीपरची पुढे यायची वाट बंद करणं एवढंच त्यांचं काम. मग आपल्याकडचा एक धट्टाकट्टा गडी फक्त कीपरसाठी राखून ठेवायचा. त्याने बॉल मारला जायच्या आधीच कीपर आणि अडवणारा यांच्यामध्ये अंग घालायचं. एक माणूस जवळच्या खांबाच्या अलीकडे, म्हणजे खालून येणारा बॉल तिथेच कटतो. लांबच्या खांबावर एक, कारण कीपरच्या डोक्यावरून गेलेला बॉल तिथेच पडतो. आणि कीपरला स्पष्ट सूचना, गर्दीत पकडायला जायचं नाही, दोन मुठींनी बाजूला उडवायचा. यातली एकही गोष्ट चुकली तर कीपर हात उंचावून मागे पडतो आणि बॉल वळत आत जातो. आपल्या बाबतीत डिफेंडर बॉलकडे बघत उभे होते आणि कीपर एकटा दोघांशी ढकलाढकली करत होता. सोनचा गोल झाल्यावर मध्ये सात दिवस होते. सात!

आणि हे दोनच नव्हते. 4 डिसेंबरला आर्सेनलने दोन्ही गोल कॉर्नरवरून मारले. 7 तारखेला फॉरेस्टने दुसऱ्याच मिनिटाला कॉर्नरवर हेडर मारला. त्या महिन्यात लीगच्या पाच मॅच हरलो.

बरं, सिटीला त्यांच्या घरात शेवटच्या काही मिनिटांत 2-1 हरवलं, मान्य. लिव्हरपूलच्या ॲनफील्डवर 2-2 केलं, तेही मान्य. पुढे.

मूळ दुखणं कॉर्नर नाही. कॉर्नर हा फोड आहे, ताप वर बसलेल्यांच्या डोक्यात आहे. निर्णयांचा क्रमच बघा. मे 2024 मध्ये तेव्हाचा कोच टेन हागने एफए कप जिंकला. जुलैमध्ये त्याचा करार 2026 पर्यंत वाढवला. मग त्याच्या आवडीचे खेळाडू घेतले, डी लिग्ट आणि मझरावी आयॅक्सपासून त्याच्या ओळखीचे. झिर्कझी, योरो, उगार्ते हेही आले. सगळी खरेदी चार डिफेंडरच्या खेळासाठी. आणि 28 ऑक्टोबरला, लीगच्या 9 मॅच झाल्यावर, त्याला काढलं. त्याला आणि त्याच्या स्टाफला काढण्याचा खर्च क्लबच्याच हिशेबात 1 कोटी 4 लाख पौंड. ज्या डॅन ॲशवर्थला स्पोर्टिंग डायरेक्टर म्हणून आणण्यासाठी न्यूकॅसलशी महिनोन्‌महिने घासाघीस केली, तो पाच महिन्यांत बाहेर. काढायचंच होतं तर मे महिन्यात काढायचं होतं. ठेवायचं होतं तर ठेवायचं. यांनी दोन्ही केलं, आणि दोन्हीचे पैसे भरले.

मग नवा कोच आला, अमोरिम. तो स्वतः सीझन संपल्यावर यायला तयार होता, क्लबने सांगितलं आत्ताच ये. त्याचा खेळ 3-4-3, म्हणजे तीन डिफेंडर, मध्ये चार, पुढे तीन, हे सगळ्या युरोपला ठाऊक होतं. या खेळात दोन विंगबॅक म्हणजे सगळा श्वास. टचलाइनवर खालपासून वरपर्यंत एकटा माणूस धावतो, बॉल आपल्याकडे असताना विंगर, गेला की पाचवा डिफेंडर. डावीकडे डाव्या पायाचा हवा, नाहीतर तो प्रत्येक वेळी बॉल आत घेतो, क्रॉस उशिरा येतो आणि तोवर समोरच्यांचा बॉक्स भरलेला असतो. आपल्याकडे डावीकडे कोण? शॉ आणि मलासिया, दोघं दुखापतीतच. म्हणून उजव्या पायाचा दालो तिकडे. डोर्गू आला फेब्रुवारीत. गार्नाचो लाइन धरून खेळणारा विंगर, आणि या रचनेत ती जागाच नाही. मग तो आतल्या दहा नंबरच्या, म्हणजे स्ट्रायकरच्या मागच्या जागेत गोलकडे पाठ करून बॉल घेतोय आणि हरवतोय, आणि आपण त्याला शिव्या घालतोय.

मधल्या दोघांचं तर विचारूच नका. 3-4-3 मध्ये मिडफिल्डला दोनच माणसं, समोर बहुतेक टीम तीन लावतात. तिसऱ्याला पकडायला बाहेरच्या सेंटरबॅकने दहा-पंधरा यार्ड वर यायचं असतं, नाहीतर पुढच्या दोघांपैकी एकाने खाली यायचं. दोन्ही झालं नाही की काय होतं, ते 30 डिसेंबरला न्यूकॅसलने दाखवलं. ब्रुनो आणि उगार्ते सस्पेंड, मध्ये कासेमिरो आणि एरिक्सन. दोघंही एकेकाळचे मोठे खेळाडू, पण समोर गिमारेस, टोनाली आणि जोएलिंटन धावतायत. 19 मिनिटांत 0-2. 33व्या मिनिटाला कोचने झिर्कझीला काढून मिडफिल्डमध्ये कोबी मेनूला घातलं, म्हणजे चूक कुठे होती ते त्यालाही दिसलं. आणि आपल्याच स्टेडियममधल्या लोकांनी झिर्कझी बाहेर येताना टाळ्या वाजवल्या, हुर्यो केली. त्या पोराचा काय दोष? तो खाली मान घालून सरळ टनेलमध्ये गेला. दोन आठवड्यांनी आर्सेनलविरुद्ध एफए कपात, आपण दहा जण उरलो असताना, शूटआउटची शेवटची पेनल्टी त्यानेच मारली. टाळ्या तेव्हाही वाजल्या, त्याच लोकांच्या. मला हे विसरता येत नाही.

अमोरिमला मी सोडत नाही. लीगच्या 27 मॅचमध्ये 27 पॉइंट, सात विजय, आणि त्यातले तीन खाली गेलेल्या तीन टीमविरुद्ध. रचना बदलणार नाही म्हणणं ठीक आहे, पण मॅच चालू असताना एक माणूस इकडचा तिकडे करणं म्हणजे तत्त्व सोडणं नव्हे. तरी त्याची बाजू एका ओळीत सांगतो: नोव्हेंबरात आला, प्री-सीझन नाही, दर तीन-चार दिवसांनी मॅच, सरावाला वेळ नाही. झालं, सांगितली.

बिल्बाओबद्दल, म्हणजे तिथल्या युरोपा लीगच्या फायनलबद्दल, लिहायचं नव्हतं. समोर टॉटनम, आपल्या लीगमधली 17व्या नंबरची टीम. त्यांच्याशी या सीझनमधली चौथी मॅच आणि चौथा पराभव. 42व्या मिनिटाला सारचा क्रॉस, शॉच्या अंगाला लागून घोटाळा, ब्रेनन जॉन्सनचा अर्धवट स्पर्श, गोल. त्यानंतर बॉल जवळजवळ आपल्याकडेच. त्यांनी बॉक्ससमोर भिंत उभी केली आणि आपण बाजूने क्रॉस टाकत राहिलो, तेही उभ्या माणसांच्या डोक्यावर. होयलुंडचा एक हेडर फान दे फेनने लाइनवरून हवेत उडी घेऊन काढला, एवढीच काय ती धाकधूक. लीगमध्ये चार गोल मारलेला स्ट्रायकर, आणि शेवटी उपाय काय, तर मॅग्वायरला पुढे पाठवा. सहा फूट चार इंचांचा सेंटरबॅक हा आपला प्लॅन बी. लिऑनविरुद्ध तो लागू पडला म्हणून तो प्लॅन होत नाही.

लिऑन. हं. युरोपा लीगची क्वार्टरफायनल. एक्स्ट्रा टाइममध्ये 4-2 मागे होतो, 114व्या मिनिटाला ब्रुनोची पेनल्टी, 120व्याला मेनू, आणि लगेच मॅग्वायरचा हेडर. 5-4. त्या रात्रीबद्दल मी एक वाकडा शब्द लिहिणार नाही. अमादबद्दलही नाही. ब्रुनोने तर विंगर, दहा नंबर, खालचा सहा नंबर, सगळं खेळून दाखवलं, बाकी दहा जणांनी त्याच्या निम्मं धावलं असतं तरी टेबल वेगळं दिसलं असतं.

पण वर बसलेल्यांना माफी नाही. 250 कर्मचारी काढले, मग आणखी 200 पर्यंत काढणार म्हणून जाहीर केलं. सीझन चालू असताना मॅचची उरलेली तिकिटं 66 पौंड केली, लहान मुलांना आणि पेन्शनरांना सवलत बंद. मार्चमध्ये एक लाख लोकांच्या नव्या स्टेडियमचं चित्र दाखवलं, खर्च 2 अब्ज पौंड. छान आहे. आत बसून बघायचं काय, तेही ठरवा. आणि आज ही दमलेली टीम विमानात बसवून आशियाला धाडली, 28 ला क्वालालंपूर, 30 ला हाँगकाँग. पैसा लागतो, कळतं मला. युरोपातल्या स्पर्धा हुकल्या की तो कुठूनतरी काढावाच लागतो.

आता बातमी आहे की कुन्याला घेतायत, रिलीज क्लॉज, म्हणजे करारातली सोडायची ठरलेली किंमत, 6 कोटी 25 लाख पौंड. तोच, कॉर्नरवाला. घ्या, खेळाडू चांगलाच आहे, आतल्या जागेत बॉल घेऊन वळतो, आपल्याला तसाच हवा. पण यादी तिथे संपू देऊ नका. गर्दीत मुठी मारणारा कीपर हवा. 90 मिनिटं धावणारा एक मिडफिल्डर हवा, कासेमिरोच्या शेजारी नाही, त्याच्या जागी. बॉक्समध्ये जवळच्या खांबावर आधी पोचणारा स्ट्रायकर हवा. आणि प्री-सीझनमध्ये रोज अर्धा तास फक्त कॉर्नर, कीपरच्या अंगावर दोन माणसं उभी करून. येत्या सीझनला युरोप नाही, म्हणजे आठवड्याला एक मॅच. वेळ नव्हता हे कारण पुढच्या वर्षी चालणार नाही.

लिव्हरपूलवाले मित्र येतीलच आता खाली. त्यांची लीगची जेतेपदं 20 झाली, आपल्याइतकीच, माहीत आहे. ट्रॉफीचा फोटो टाकलात तर कमेंट उडवेन. टॉटनमवाल्यांना मात्र आठवडाभर परवानगी आहे.