बिनलग्नाच्या बहिणीचा रविवार सगळ्या घराचा नाही

नातेवाइकांच्या ग्रुपांवर सध्या एक मजकूर फिरतोय. लग्न झालेली बहीण संसारात अडकलेली, बिनलग्नाची मोकळी. तिला ना खर्च ना जबाबदारी, तेव्हा आईवडिलांचं तिनेच बघावं. आणि बहिणींना एकमेकींचा हेवा वाटतो तो माया आटली म्हणून. मी घोडबंदर रोडला राहते. घरात नवरा, सासूबाई, दोन मुलं. धाकटी कोपरखैरण्यात एकटी. मला यातलं काहीही पटत नाही.

आधी खर्च. आमचा हप्ता दोन पगारांतून जातो, तिचं भाडं एकाच. अकरा महिन्यांचा करार संपला की पुन्हा दलाली, पुन्हा टेम्पो. एका घरमालकाने तर ‘मिस्टर कुठे असतात?’ विचारलं आणि उत्तर ऐकल्यावर फोन उचलणंच सोडलं.

जबाबदारी? २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याने आईवडिलांच्या निर्वाहाचा भार मुलगा-मुलगी दोघांवर टाकलाय, लग्न झालेलं असो वा नसो. त्याआधी १९८७ मध्ये कल्याणच्या एका विवाहित डॉक्टर मुलीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं होतं, की स्वतःची पुरेशी कमाई असेल तर विवाहित मुलीवरही ही जबाबदारी येते. आमच्याकडे मात्र बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं तेव्हा सगळ्यांनी तिलाच गृहीत धरलं. तिने रजा टाकली, थेंबांच्या वेळा कागदावर लिहून फ्रीजला चिकटवल्या, रात्रीचा थेंबही चुकवला नाही. रजा तिलाही मोजूनच मिळते हो!

हेवा वाटतो, हे खरं आहे. शनिवारी मुलांचे डबे भरताना तिचे येऊरच्या पक्ष्यांचे फोटो येतात आणि माझ्या पोटात कालवतं. ती तापाने फणफणलेली असते आणि पेज करून द्यायला कुणी नसतं, तेव्हा तिला माझं भरलेलं घर आठवतं. माणूस स्वतःची तुलना आपल्यासारख्यांशी करतो, हे मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर यांनी १९५४ मध्येच मांडलंय. एका ताटात जेवून वाढलेल्या बहिणीइतकं आपल्यासारखं दुसरं कोण असणार? यात माया आटायचा संबंध येतो कुठे?

मला हवे आहेत ते सकाळचे दोन मोकळे तास. ते मी नवऱ्याकडे मागेन, तिच्यावर आईबाबांची कामं ढकलून वसूल करणार नाही. बाबांचा दुसरा डोळा दिवाळीनंतर करायचाय. त्या आठवड्यात रजा माझी, आणि मुलांचे डबे नवरा भरेल.