‘अमेरिकन लोकांनाच आता शिकलेले परदेशी नकोत’ या मेसेजबद्दल

ऐरोली-घणसोलीच्या सोसायटी ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय, ठाण्याच्या नातेवाईकांकडूनही तोच आला. म्हणणं असं की 55 टक्के अमेरिकनांना शिकलेले परदेशी नकोत, म्हणून एच-वन-बीचा (शिकलेल्या परदेशी लोकांना तिथे नोकरीसाठी मिळणाऱ्या व्हिसाचा) कोटा कापला, आता प्रत्येकाला दरवर्षी एक लाख डॉलर भरावे लागणार, आणि आपली मुलं तिथे स्वस्तात राबतात म्हणून लोक चिडलेत. आपल्याकडे कितीतरी घरांत कोणी ना कोणी एमएसची तयारी करतंय, आईवडील खरंच घाबरलेत, म्हणून लिहितोय.

आधी तो 55 टक्क्यांचा आकडा. तो गॅलप या सर्व्हे करणाऱ्या अमेरिकन संस्थेचा 2024 चा आहे आणि प्रश्न होता एकूण इमिग्रेशन कमी करावं का, त्यात शिकलेल्यांचा वेगळा विषयच नव्हता. 2025 मध्ये तोच आकडा 30 वर आला, ते मात्र मेसेजमध्ये नाही. शिकलेल्यांबद्दल वेगळं विचारलं होतं प्यू रिसर्च या दुसऱ्या सर्व्हे संस्थेने, 2018 मध्ये, 12 देशांत, आणि अमेरिकेत 78 टक्के लोक म्हणाले की उच्चशिक्षितांना येण्यासाठी प्रोत्साहन द्यावं. म्हणजे बॉर्डरवरून चिडलेला माणूस इंजिनिअरच्याही विरोधात असेलच असं नाही, ही दोन वेगळी मतं आहेत आणि मेसेजने ती एकत्र कालवलीत. आता 78 टक्के म्हणजे तेवढ्या लोकांना व्हिसा वाढवून हवेत असं पण नाही हं, किती व्हिसा द्यावेत हे त्यात विचारलंच नव्हतं आणि सर्व्हेही जुना आहे.

कोटा कापला हे तर साफ चूक. वर्षाला 65,000 नवे व्हिसा, अधिक तिथून मास्टर्स केलेल्यांसाठी 20,000, वीस वर्षं हेच चाललंय. 2001 ते 2003 मध्ये तो 1,95,000 होता, पण ती वाढ कायद्यातच ठरावीक मुदतीची होती, मुदत संपली आणि आकडा परत 65,000 वर आला. लोकांचं मत त्यानंतर कितीदा वर-खाली झालं, आकडा हलला नाही कारण तो काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, बदलायचा असतो.

एक लाख डॉलरचं. ट्रम्प यांचा 19 सप्टेंबर 2025 चा आदेश खरा आहे, भीतीही रास्त आहे. पण ती फी दरवर्षीची नाही, एकदाच, तीही नव्या अर्जावर आणि मुख्यतः अमेरिकेबाहेर असलेल्या माणसासाठी, आणि ती कंपनीने भरायची. ज्यांच्याकडे आधीच व्हिसा आहे त्यांना नाही, आणि तिथे शिकून तिथूनच स्टेटस बदलणाऱ्या (विद्यार्थी व्हिसावरून एच-वन-बीवर जाणाऱ्या) विद्यार्थ्यालाही लागू नाही असं तिथल्या इमिग्रेशन खात्याने ऑक्टोबरमध्ये स्पष्ट केलंय. इथून थेट जाणाऱ्याला मात्र हा मोठाच फटका आहे, ते मी नाकारत नाही.

स्वस्तात राबतात यात थोडं तथ्य आहे. कायदा सांगतो की त्या भागातला प्रचलित पगार किंवा कंपनी तशाच कामाला देते तो, यातला जो जास्त असेल तो द्यायचा. पण प्रचलित पगाराच्या चार पातळ्या आहेत आणि काही कंपन्या अनुभवी माणसालाही सगळ्यात खालच्या पातळीवर दाखवतात, तिथल्या कामगारांचा राग यावर असेल तर तो समजण्यासारखा आहे. तो राग कंपनीवर आहे, आपल्या पोरांवर का घ्यायचा?

आणि जी खरी अडचण आहे तिचा मेसेजमध्ये एक शब्द नाही. नोकरीवरची ग्रीनकार्डं, म्हणजे तिथे कायम राहायचा परवाना, वर्षाला साधारण 1,40,000, त्यात एका देशाला 7 टक्क्यांची मर्यादा, त्यामुळे भारतीयांची रांग वर्षानुवर्षं हलत नाही. मुलीला पाठवायचं की नाही ठरवताना हे आधी बघा.